हीट दोन, लेन सहा

(दृश्य: जलतरण तलाव, सकाळ. फरशीवर पसरलेले टॉवेल, पिशव्या, डबे.)

रविवारचे साडेसहा वाजलेत. सोलापूरच्या हवेत अजून गारवा आहे. अकरा वाजेपर्यंत हीच फरशी पायाला चटके देईल. प्रत्येक क्लबनं टॉवेल टाकून आपापली जागा धरलीय. टॉवेल अर्थातच सोलापुरी. एका कोपऱ्यात तेलुगूत दटावणं चाललंय, दुसऱ्यात कन्नडमध्ये समजूत काढणं. सरांचा ओरडा मात्र मराठीत, आणि तो सगळ्यांना कळतो.

ही मुलगी दहा वर्षांची. पहिलीच स्पर्धा. आईनं तिच्या मनगटावर बॉलपेननं लिहून दिलंय: ब्रेस्ट, हीट २, लेन ६. ब्रेस्ट म्हणजे ब्रेस्टस्ट्रोक, हीट म्हणजे एका वेळी पोहणारी तुकडी, लेन म्हणजे तलावातला आपला पट्टा.

हा सहा आकडा चिठ्ठ्या टाकून आलेला नाही. प्रवेशअर्जात प्रत्येकाचं आधीचं टायमिंग भरलेलं असतं. आठ लेनच्या तलावात हीटमधल्या सगळ्यात वेगवान पोराला चौथी लेन मिळते, मग पाचवी, तिसरी, सहावी, असं मधून कडेकडे. म्हणजे पोरं पाण्यात उतरण्याआधीच कागदावर एक शर्यत होऊन गेलेली असते, आणि त्या शर्यतीत ही, सरावातल्या टायमिंगवर, आपल्या हीटमध्ये चौथी आहे. ज्याचं टायमिंगच नाही, तो सगळ्यात मागे धरला जातो.

वयोगटाचंही असंच. वय मोजायचं ते ३१ डिसेंबरला. त्यामुळे जानेवारीत जन्मलेलं पोर आणि डिसेंबरात जन्मलेलं पोर एकाच रांगेत उभं राहतं. या वयात अकरा महिन्यांत खांदे केवढे भरतात, ते त्या रांगेकडे पाहिलं की कळतं.

(दृश्य: बाकावर हीटप्रमाणे बसवलेली मुलं. कुणी गॉगलची पट्टी ओढतंय, कुणी केळं खातंय.)

पन्नास मीटरची शर्यत मिनिटभरात आटोपते. बाकी सगळा दिवस थांबण्याचा. सकाळचा वॉर्म-अप सोडला तर तासन् तास टॉवेलात गुंडाळून बसायचं, नाव पुकारलं की बाकावर जायचं, हीट पुढे सरकेल तसं बाकावरून सरकायचं. डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी आहे, पण ती शर्यतीनंतर. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, आईचा आहे.

(आवाज: छोट्या शिट्ट्या. मग एक लांब शिट्टी.)

छोट्या शिट्ट्या म्हणजे तयार व्हा. लांब शिट्टी म्हणजे ब्लॉकवर, म्हणजे उडी मारायच्या ओट्यावर, चढा. 'टेक युवर मार्क्स'. आता हलायचं नाही. इशाऱ्याआधी जो सुटला तो बाद. दुसरी संधी नाही. बॅकस्ट्रोकवाल्यांचं वेगळं, पहिल्या लांब शिट्टीला ते पाण्यात उतरतात आणि दुसरीला भिंतीशी येतात.

(आवाज: बीप. पाणी.)

तलाव पंचवीस मीटरचा, म्हणून पलीकडच्या भिंतीला लागून एक टर्न. जाताना ती तिसरी आहे. गॅलरीतून बाबा ओरडतायत. डोकं पाण्याखाली असताना पोरीला काय ऐकू येणार, पण ओरडल्याशिवाय राहवत नाही. टर्न. परत येताना ती दुसरी. भिंतीला हात लावून ती वळून आईकडे बघते आणि हसते.

पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या पंचांनी मात्र तोवर एक चिठ्ठी लिहिलेली असते.

ब्रेस्ट आणि बटरफ्लायमध्ये भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात, टर्नलाही आणि शेवटीही. घाईत हिचा एकच हात लागला. बाद. पोरांच्या भाषेत 'डीक्यू'. फ्रीस्टाइलमध्ये हेच चाललं असतं.

(दृश्य: भिंतीवर चिकटवलेला निकालाचा कागद. त्याभोवती गर्दी.)

निकाल एकाच हीटचा नसतो. लहान गटांत बहुतेक वेळा फायनल वेगळी घेत नाहीत. सगळ्या हीटची टायमिंग एकत्र लावून क्रम काढतात. म्हणून हीट जिंकून मूठ उंचावत बाहेर आलेला मुलगा कागदावर सातवा निघतो आणि गोंधळून सरांकडे बघतो. टायमिंग हाताच्या घड्याळांवर घेत असतील तर एका लेनला तीन घड्याळं लावायची अशी पद्धत आहे: दोन जुळली तर ती वेळ धरायची, तिन्ही वेगळी आली तर मधली. पुढे शाळेकडून खेळणाऱ्यांसाठी जिल्हा, पुणे विभाग, राज्य अशी शिडी आहेच.

आपल्या मुलीच्या नावापुढे वेळच नाही. डोळे भरून येतात. गॉगल पुन्हा डोळ्यांवर चढतो. सर तिला बाजूला घेतात आणि आपलं घड्याळ दाखवतात. सरावातल्या वेळेपेक्षा सव्वा सेकंद कमी. ही वेळ कुठल्याही कागदावर येणार नाही. ती आकडा दोनदा वाचते.

"सर, फ्री कितीला आहे?"

"जेवणानंतर. हीट तीन, लेन सात."

ती मनगट पुढे करते. आई पेन शोधतेय.