पांढऱ्या ठिपक्यांचे पंधरा दिवस

पुण्यातल्या एका घराच्या बैठकीत, खिडकीलगत ठेवलेल्या या दोन फुटी काचपेटीत काळ्या मॉली जातीचे सहा मासे आहेत. डिसेंबर सुरू आहे. रात्री बाहेरचा पारा १० ते १२ अंशांपर्यंत उतरतो आणि हीटर नसलेल्या या पेटीतले पाणीही पहाटेपर्यंत गार होते. सहांपैकी दोन मासे चार दिवसांपूर्वी दुकानातून आणून पिशवीतून थेट या पाण्यात सोडलेले आहेत. आज सकाळी त्यांतल्या एकाच्या शेपटीवर रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसत आहेत आणि तो राहून राहून तळाच्या खड्यांवर अंग घासत आहे.

हौशी मत्स्यपालक या रोगाला 'व्हाईट स्पॉट' किंवा नुसते 'इक' म्हणतात. तो इक्थियोफ्थिरियस मल्टिफिलिस नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. १८७६ साली फुके यांनी दिलेल्या या नावाचा अर्थ 'पुष्कळ पिलांची, माशांवरची ऊ' असा निघतो आणि तो अगदी यथार्थ आहे. दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेच्या पातळ थराखाली शिरून त्याच्यावर पोसला जाणारा जीव असतो. त्या आवरणाआड असेपर्यंत पाण्यात घातलेले कोणतेही नेहमीचे औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पूर्ण वाढ झाली की तो अंगावरून सुटतो, तळाशी किंवा काचेला चिकटून स्वतःभोवती कवच तयार करतो आणि त्या कवचात विभागत जाऊन शेकडो पिले बाहेर सोडतो. या पिलांना दोन दिवसांच्या आत मासा सापडला नाही, तर ती मरतात. औषधाला वाव मिळतो तो ती पोहत असतानाच्या या अल्प काळात.

म्हणून ठिपके असलेला मासा तेवढा वेगळा काढून भागत नाही. उरलेले पाच मासे वरकरणी निरोगी दिसत असले, तरी परजीवी पाण्यात आलेला आहे, आणि त्वचेवर एकही ठिपका नसताना तो कल्ल्यांत असू शकतो. पृष्ठभागाशी येऊन भराभर तोंड उघडणारा मासा दिसला, तर आधी कल्ल्यांचीच शंका घ्यावी. उपचार त्यामुळे संपूर्ण पेटीवर करावे लागतात.

पाणी २५ अंशांच्या आसपास असेल, तर परजीवीचे चक्र साधारण आठवडाभरात पूर्ण होते, पण थंड पाण्यात ते कित्येक आठवडे रेंगाळते. हीटर लावून तापमान दिवसाला एक-दोन अंशांनी वाढवत ३० पर्यंत नेले, की कवचांतली पिले लवकर बाहेर पडतात. उष्ण पाण्यात प्राणवायू मात्र कमी विरघळतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम असणारे प्रमाण ३० अंशांना साडेसातच्या आसपास येते, तेव्हा कल्ले आधीच सुजलेल्या माशांसाठी एअर पंप रात्रंदिवस सुरू ठेवावा लागतो.

सोबत खडेमीठ. खडे वजा जाता या पेटीत सुमारे ५० लिटर पाणी आहे. लिटरला २ ग्रॅम या हिशेबाने १०० ग्रॅम मीठ लागते आणि ते वेगळ्या भांड्यात विरघळवून दोन दिवसांत थोडे थोडे घातले जाते. मॉलीला मीठ मानवते, मात्र पाणवनस्पती व कोरिडोरससारखे मिठाला नाजूक मासे असलेल्या पेटीत हाच हिशेब जसाच्या तसा लावू नये. दर दोन दिवसांनी तळातून सायफनने १२ लिटर पाणी काढताना काही कवचेही बाहेर जातात. नळाचे ताजे पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवावे किंवा त्यात अँटीक्लोरीन घालावे, त्याचे तापमान पेटीइतके करावे आणि या १२ लिटरांपुरतेच २४ ग्रॅम मीठ मिसळावे. बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याच्या जागी साधेच पाणी घालावे, कारण वाफेबरोबर मीठ जात नाही.

मिठाऐवजी बाटलीतले औषध निवडणाऱ्यांनी फिल्टरमधला कार्बन आधी काढावा, कारण तो औषध शोषून घेतो. फिल्टरचा स्पंज मात्र या काळात नळाखाली धुऊ नये. माशांच्या उत्सर्जनातला अमोनिया पचवणारे जिवाणू त्यातच वाढतात आणि क्लोरीनने ते मेले, तर ठिपक्यांतून वाचलेले मासे अमोनियाने दगावतात. खाणेही निम्म्यावर आणावे.

पाचव्या-सहाव्या दिवशी शेपटी स्वच्छ दिसते. याच दिवशी अनेक घरांत हीटर बंद होतो, मीठ थांबते आणि दोन आठवड्यांनी तोच रोग अधिक जोराने परततो. ठिपके गळून पडले म्हणजे परजीवी मेले असे नव्हे, कित्येकदा ते तळाशी कवचात असतात. या घरात शेवटचा ठिपका सातव्या दिवशी गेला आणि उपचार पंधराव्या दिवसापर्यंत चालले. त्यानंतर पाणी बदलत बदलत मीठ कमी केले आणि हीटर २६ अंशांवर आणला.

बाल्कनीलगत आता २० लिटरचा एक वेगळा टब ठेवलेला आहे. यापुढे आणलेले मासे आधी तीन-चार आठवडे त्यातच राहतील. त्या टबासाठी जाळी आणि सायफनची नळी स्वतंत्र आहेत आणि वापरानंतर दोन्ही उन्हात पूर्ण वाळवली जातात, कारण कोरडेपणात हा परजीवी जगत नाही.