भिंतीवरचा कोळी तुमच्याकडे बघतोय

नमस्कार श्रोतेहो, आज जंपिंग स्पायडरबद्दल बोलूया, म्हणजे ते टुणकन उडी मारणारे इवलेसे कोळी. व्हरांड्याच्या भिंतीवर, खिडकीच्या गजावर एखादा राखाडी, चपटा कोळी माशीमागे दबकत जाताना दिसतो आणि आपण लगेच झाडू आणतो. नका आणू हो! माणसाला त्याचा काही त्रास नाही, उलट माश्या-डास खातो.

जगात यांच्या 6000 च्या वर जाती आहेत. आपल्या शहीद तुकाराम ओंबळेंचं नावसुद्धा ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका जातीला 2021 साली दिलंय, मला हे फार मोठं वाटतं.

हा जाळं लावून बसत नाही, बघून शिकार करतो. डोळे आठ, त्यातले समोरचे मधले दोन टपोरे. त्या डोळ्यांची बाहेरची भिंग हलत नाही, आतली लांब नळी हलते, त्यामुळे फिकट रंगाच्या काही जातींत डोळा बघता बघता काळ्याचा पिवळसर होतो, म्हणजे तो दुसरीकडे बघायला लागला! आणि उडायच्या आधी रेशमाचा धागा चिकटवून ठेवतो, नेम चुकला तरी लटकून परत वर येतो.

फोटोसाठी महागडा कॅमेराच पाहिजे असं नाही, मोबाइलला क्लिपवाली मॅक्रो लेन्स लावली तरी जमतं. वरून काढू नका, खाली वाकून त्याच्या डोळ्यांच्या लेव्हलला या आणि फोकस मधल्या दोन डोळ्यांवरच ठेवा, बाकी अंग ब्लर झालं तरी चालेल. पाठमोरा असला तर बोटाने ढोसायचं नाही, बाजूच्या डोळ्यांनी त्याने तुम्हाला केव्हाच टिपलेलं असतं, जरा थांबा, बहुतेक वेळा स्वतःच वळून बघतो. फ्लॅश मारायचा तर पुढे बटर पेपर लावा. आणि हलू नये म्हणून कोळ्याला फ्रीजमध्ये ठेवणं मला अजिबात पटत नाही, असला फोटो न काढलेला बरा.

गोव्यात सत्तरी, डिचोलीकडे काजूच्या बागेत गेलात तर पानं शिवून घर करणाऱ्या त्या लाल मुंग्यांकडे नीट बघा, त्यांच्यात हुबेहूब मुंगीसारखा दिसणारा एक जंपिंग स्पायडर फिरत असतो, पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून. पाय मोजा, आठ भरले तर कॅमेरा काढा, फक्त फांदीला हात लावू नका, बाकीच्या मुंग्या खऱ्या आहेत आणि कडकडून चावतात.