पुसू का ठेवू?

नमस्कार मंडळी. घरातलं कुणी यंदा नर्सिंगला, फार्मसीला, फिजिओथेरपीला नाहीतर लॅब टेक्निशियनच्या कोर्सला लागलं असेल, तर त्याला किंवा तिला जरा रेडिओजवळ बोलवा. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

मी सत्तावीस वर्षं एका नर्सिंग कॉलेजच्या ऑफिसात होते, सांगली-मिरजेच्या बाजूला. टेबल शिष्यवृत्तीचं. मुली खिडकीशी येऊन जिला ‘मॅडम, आलं का हो?’ म्हणून विचारतात ना, ती बाई मी. मी नोकरीला लागले तेव्हा अर्ज कागदी होते. फायलीला नाडी बांधायची, मुलींच्या याद्या हातानं लिहायच्या आणि गठ्ठा मांडीवर घेऊन एसटीनं समाजकल्याणच्या ऑफिसात जायचं. रिटायर झाले तेव्हा सगळं महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर गेलं होतं. कागद गेले, असं लोक म्हणतात. कागद कसले जाताहेत! आधी दाखला काढा, मग त्याचा फोटो काढा, मग फोटो जड झाला म्हणून हलका करून आणा.

असो. आज मी एकच गोष्ट सांगायला आलेय. तुम्ही कॉलेजात ज्या पासबुकाची झेरॉक्स दिलीत, त्याच खात्यावर शिष्यवृत्ती येईल असं धरून चालू नका. तुमचं आधार सरकारी पैशासाठी ज्या बँकेला लागलेलं आहे, तिथे पैसा जातो. परत सांगते. झेरॉक्स कुठली दिली ते सोडा, आधार कुठल्या बँकेला आहे ते बघा.

हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये नाही कळलं. एका मेंढीपायी कळलं.

2018 साल. बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला जत तालुक्यातली एक मुलगी आली. नाव सांगत नाही. आता ती एका मोठ्या हॉस्पिटलात आयसीयूला आहे, हे ऐकून तिथल्या पोरी तिला मेंढीवरून चिडवायला नकोत. वडील नव्हते. आई दुसऱ्याच्या रानात रोजानं जायची आणि दारात चार मेंढ्या. माडग्याळी जातीच्या. आमच्या भागातल्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको. उंच अंग, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके आणि पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक. बाजारात अशी मेंढी आली की घेणारा नसला तरी माणूस थांबून पाठीवर हात फिरवून जातो.

अर्ज तिनं वेळेत भरला. ऑगस्टात कॉलेजसमोरच्या बँकेत खातं काढलं, आधार दिलं, पासबुकाची झेरॉक्स मला आणून दिली. मी तपासलं, पुढे पाठवलं. कुठे काना-मात्रेची चूक नाही. फेब्रुवारीत पोर्टलवर दिसायला लागलं, रक्कम वर्ग झाली. बरोबरच्या मुलींचे पैसे आले. हिचे नाहीत.

रोज जेवणाच्या सुट्टीत यायची. पांढरा युनिफॉर्म, छातीला उलटं टाचलेलं घड्याळ, हातात पासबुक. ‘मॅडम, आज पण नाही.’ बँकेत जाऊन पासबुक छापून आणायची, पान उघडून माझ्यापुढे धरायची. चार दिवस मी नीट बोलले. पाचव्या दिवशी मार्चएंडची घाई होती, वरून फोन चालू होते, आणि मी म्हणाले, ‘इथून पाठवलंय, पोर्टलवर जमा दिसतंय. आता काय मी घरी बसून नोटा छापू का तुझ्यासाठी?’

असं म्हणाले मी. माझ्याच तोंडानं. तिनं पासबुक मिटलं, ‘बरं मॅडम’ म्हणाली आणि वॉर्डाच्या ड्युटीला गेली. त्यानंतर विचारायला आली नाही. मला वाटलं, आले असतील पैसे.

एप्रिलात परीक्षेचे फॉर्म निघाले. ती फी भरायला आली, रोख. नोटा रुमालात बांधलेल्या, मोजताना हाताला चिकट लागत होत्या आणि त्यांना लोकरीचा वास होता. मी विचारलं, ‘शिष्यवृत्ती आली ना गं?’ ‘नाही.’ ‘मग हे?’ ‘मेंढी दिली.’ तेवढंच. मागाहून तिच्या मैत्रिणीकडून कळलं, मेंढी गाभण होती. गाभण जनावर घाईनं विकायला आणलं की व्यापाऱ्याला काय ते लगेच कळतं. भाव त्यानं सांगितला, आईनं घेतला.

मी त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारा मुलगा होता, पंचवीस-सव्वीसचा, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘मॅडम, तिचं आधार कुठल्या बँकेला आहे?’ म्हटलं, समोरच्याच की. तो म्हणाला, ‘बघितलंत का?’ नव्हतं बघितलं. सत्तावीस वर्षांतली किती तरी वर्षं मी हेच काम केलं, पण ते बघायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. मुलीला वॉर्डातून बोलावलं. आधारच्या साइटवर नंबर टाकला, तिच्या मोबाइलवर ओटीपी आला, आणि पडद्यावर बँकेचं नाव उमटलं. भलतीच बँक.

‘ही कुठली गं?’

ती बघत राहिली. मग म्हणाली, ‘दिवाळीत... मॅडम, दिवाळीत एक टेबल लागलं होतं.’

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी गेली, तेव्हा ग्रामपंचायतीसमोर एक पोरगा टेबल मांडून बसला होता. अंगठा लावायचं मशीन. ‘झिरो बॅलन्सचं खातं, काय पैसे लागत नाहीत, सरकारी पैसा थेट येतो.’ बाया रांगेनं अंगठा लावत होत्या. आईनं लावला, मागं ही उभी होती, हिनंही लावला. मोबाइल नंबर विचारला, तर हिचा फोन दुरुस्तीला गेलेला. शेजारी दूध डेअरीवाले नाना उभे होते, ते म्हणाले, माझा घाल. घातला. पासबुक मिळालंच नाही, एक कार्ड मिळालं. ते आईनं जपून तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवलं होतं.

ऑगस्टातलं खातं आधीचं, दिवाळीतलं नंतरचं. शेवटचा अंगठा जिथं, पैसा तिथं.

शनिवारी ती गावी गेली आणि थेट डेअरीत नानांच्या पुढ्यात उभी राहिली. हे तिनंच मला सोमवारी सांगितलं, हसून आणि डोळे पुसत. ‘नाना, फेब्रुवारीत बँकेचा मेसेज आलता का तुमच्या फोनवर?’

नाना म्हणाले, ‘आलता की. बत्तीस हजार जमा म्हणं.’

‘मग?’

‘मग काय, लगीच पुसून टाकला.’

‘पुसला? का?’

‘का म्हंजे? रोज रेडिओवर वरडून सांगत्यात की, पैसे जमा झाले असा मेसेज आला तर ती फसवाफसवी असती. उघडायचा न्हाई, कुणाला सांगायचा न्हाई, पुसून मोकळं व्हायचं! लई खबरदारी घेतली बघ मी.’

मंडळी, नानांनी तो कार्यक्रम याच केंद्रावर ऐकला होता का, हे मी विचारलेलं नाही. ज्या घरचा चहा प्यायचा तिथं असं विचारू नये. दूध मोजताना त्यांच्या टेबलावर रेडिओ चालू असतो, एवढं मात्र खरं.

पैसे सुखरूप होते. दोन महिने त्या खात्यात पडून. अंगठा लावून थोडे थोडे करत काढले. मग मी तिच्याबरोबर समोरच्या बँकेत गेले आणि आधार त्या खात्याला लावायचा फॉर्म भरून घेतला. बँकेतली मुलगी म्हणाली, ‘मॅडम, आधार तर आमच्याकडे आधीपासून आहे.’ म्हटलं, ते केवायसीला, म्हणजे ओळख पटवायला आहे, सरकारी पैशासाठी लावा. दोन्हींत फरक आहे. हेही परत सांगते. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे काम झालं, असं नाही. अनुदान, शिष्यवृत्ती या खात्यावर घ्यायची आहे, असा वेगळा होकार द्यावा लागतो.

आणि मेंढी? ती परत आणायला आई गेली होती. तोवर ती घेणाऱ्याकडे व्याली होती. त्यानं दोघींचा मिळून जो भाव सांगितला, तो ऐकून आई तशीच मागं फिरली.

समोरच्या काचेतून मला पाच बोटं दाखवताहेत, म्हणजे मिनिटं तेवढीच उरली. उरलेलं भराभर सांगते.

आधार दहा बँकांत दिलेलं असू शकतं. पण एनपीसीआय म्हणून बँकांमधली पैशाची देवघेव चालवणारी जी संस्था आहे, तिच्या यादीत तुमच्या आधारपुढे सरकारी पैशासाठी नाव एकाच बँकेचं असतं, शेवटी जिथं होकार दिला तिचं. आधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ म्हणून आहे, तिथे दोन मिनिटांत दिसतं. अर्ज भरायच्या आधी बघा. भरून झाल्यावर बघा. आणि मधल्या काळात दारात कुणी मशीन घेऊन आला, तर अंगठा खिशात ठेवा.

उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो. त्याची मुदत 31 मार्चला संपते, त्यामुळे मुदत संपलेला गेल्या वर्षीचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत कितीही करकरीत राहिला असला तरी चालत नाही. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची जी शिक्षण शुल्काची योजना आहे, तिला आठ लाखांची. आणि मुलींनो, 8 जुलै 2024 चा जीआर, म्हणजे सरकारी निर्णय लक्षात ठेवा. आर्थिक दुर्बल, एसईबीसी म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिक मागास, आणि इतर मागास प्रवर्गातल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आधी ते निम्मं होतं. पण प्रवेश कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशाच्या फेरीतून हवा. मॅनेजमेंटच्या जागेवर घेतला तर नाही. एजंट म्हणतो, ‘सीट आजच धरा, शिष्यवृत्तीचं नंतर बघू.’ नंतर बघायला काही उरत नाही.

नावं. दहावीच्या मार्कशीटवर जे आहे तेच आधारवर, तेच बँकेत. एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, असं करू नका. शाळेत पहिलीत नाव घालताना गुरुजींनी घाईत काहीतरी लिहिलं आणि पोरीनं ते जन्मभर निस्तरलं, अशी किती उदाहरणं सांगू! माझं तर मत आहे, पटावर नाव लिहायचं काम अक्षर चांगलं असलेल्या मुलांना द्यावं. पण माझं कोण ऐकतंय.

लॉगिन आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहा. नेट कॅफेवाल्याच्या वहीत नको. त्याचं दुकान उठलं की तुमचा अर्ज त्याच्याबरोबर गेला. अर्ज भरला की संपलं, असंही नसतं. तो कॉलेजकडे येतो, मग सरकारी विभागाकडे जातो, आणि मधे कुठं शंका आली तर ‘सेंट बॅक’ होऊन तुमच्याकडे परत येतो. परत आलाय हे बघणार कोण? तुम्हीच. आठवड्यातून एकदा उघडून बघा. आणि दरवर्षी नूतनीकरण. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही.

मुली म्हणायच्या, मॅडम, आम्ही पेशंट बघायला आलोय, हे कागद कुठं करत बसू? त्यांना मी फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची आठवण द्यायचे, नर्सिंगचा पाया घालणाऱ्या. 12 मेला, त्यांच्या जन्मदिवशी, त्यांच्या फोटोपुढे आपण दिवा लावतो, मेणबत्त्या धरून शपथ घेतो. पण क्रिमियाच्या युद्धावरून परत आल्यावर बाईंनी केलं काय? सैनिक गोळीपेक्षा दवाखान्यातल्या घाणीनं आणि साथीनं जास्त मेले, हे आकडे मांडून, तक्ते रंगवून सरकारच्या गळी उतरवलं. 1858 सालची गोष्ट. दिवा घेतलेली बाई सगळ्यांना आवडते, तक्ते घेऊन भांडणारी आवडत नाही. म्हणून तर नर्सला ‘तुमची काय सेवा हो!’ म्हणतात आणि पगाराचं विचारलं की तोंड फिरवतात. हा विषय वेगळा आहे. काचेतून आता एकच बोट दाखवताहेत.

मघाशी एक सांगायचं राहिलं. त्या मुलीनं आता बँकेत स्वतःचा नंबर लावलाय. पण नानांचा विश्वास काही बसत नाही. फोनवर कुठलाही मेसेज येऊ दे, गॅसचा, लॉटरीचा, मोबाइल कंपनीचा, आधी तिला फोन जातो. आयसीयूत फोन घेता येत नाही, मग ड्युटी सुटल्यावर ती लावते. नाना मेसेज जमेल तसा वाचून दाखवतात आणि विचारतात, ‘पोरी, ह्यो पुसू का ठेवू?’