घोडं पेंड कुठे खातं?

मंडळी, फलकावर विषय लिहिलाय 'घोड्याचं शिक्षण'. तिकडे येतोच. पण त्याआधी एका गोष्टीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. घोडा मान झटकतो, खोगीर दिसलं की कान मागे टाकतो, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येतो, आणि आपण त्याला 'हट्टी' म्हणून मोकळे होतो. मग आणखी कडक लगाम आणतो. घोडं पेंड खातं ते नेमकं इथे. यातल्या कितीतरी घोड्यांना नुसतं दुखत असतं, आणि ते दुखणं आपणच दुकानातून विकत आणलेलं असतं.

म्हणून दुकानाचा पत्ता शोधण्याआधी मापं घ्या. पहिलं तोंडाचं. लगामाचा जो भाग तोंडात जातो तो, म्हणजे बिट. जाडसर सुतळीला गाठ मारा, गाठ ओठाच्या एका कोपऱ्याशी धरा, सुतळी तोंडातून सरळ पलीकडे न्या आणि दुसऱ्या कोपऱ्याशी खूण करा. त्यात दोन्ही बाजूंना मिळून साधारण एक सेंटीमीटर वाढवा. बिट आखूड पडलं तर ओठ कड्यांत चिमटतात, लांब झालं तर ते इकडून तिकडे सरकत राहतं. ते टेकतं पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर. तिथे कातडी पातळ आणि खाली लगेच हाड. शिवाय काही घोड्यांना वरच्या पहिल्या दाढेपुढे एक बारीक दात असतो. बिट त्यावर आपटलं की घोडा मान झटकणारच! खरेदीआधी पशुवैद्याकडून तोंड तपासून घ्या.

आता खोगीर. आपण निरुपयोगी मालाला 'खोगीरभरती' म्हणतो, पण खऱ्या खोगिराची भरती घोड्याच्या दृष्टीने फार मोलाची. ती गोळा झाली की पाठीवर जखम ठरलेली. खांद्याच्या फऱ्यामागे दोन-तीन बोटं सोडून पाठीवरून आडवी वाकणारी तार दाबा, तिचा आकार कागदावर उतरवा आणि तो कागद घेऊन दुकानात जा. जो दुकानदार कागद बघतो, पाठीवर खोगीर ठेवून पाहू देतो आणि न बसल्यास परत घेतो, तो आपला दुकानदार. स्वार बसल्यावर मानेमागचा उंचवटा आणि खोगीर यांत दोन-तीन बोटं जागा हवी. खोगिराचा मागचा भार शेवटच्या बरगडीपलीकडे जाता कामा नये, कारण तिथून पुढे पाठीला बरगड्यांचा आधार नाही.

आणि घाम बघा! अर्धा तास काम झालं की खोगीर उतरवून खालचा नमदा, म्हणजे लोकरीची जाड घडी, उचला. सगळीकडे ओलं आणि मध्येच तळहाताएवढी कोरडी जागा दिसली, तर तिथे एक तर दाब फार आहे किंवा खोगीर टेकतच नाही. पाठीवर ठेवलेल्या खोगिराखाली हात सरकवला की कोणतं ते कळतं. दुर्लक्ष केलंत तर त्याच जागी पुढे पांढरे केस उगवतात. घोडा बारीक-जाड झाला की पाठही बदलते, म्हणून दर काही महिन्यांनी हे पुन्हा करायचं.

दुकानात आहात तोवर खाद्याचं सांगतो. कोंबड्यांच्या आणि गुरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. त्यांना ते चालतं, पण घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्याने निकामी होतात आणि अगदी थोडं पोटात गेलं तरी तो दगावतो. एकाच फावड्याने दोन्ही पोती उपसणाऱ्या दुकानातून चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, घेऊ नका. नवी चंदी ७ ते १० दिवसांत हळूहळू सुरू करा. घोड्याला उलटी होत नाही, चुकलेलं खाणं बाहेर पडायला वाट नसते.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा शिक्षण आता भरभर. दाब द्या आणि घोड्याने उत्तर देताच सोडा. तो शिकतो ते दाब सुटतो त्या क्षणी. मोरखीची (तोंडाभोवतीच्या बिनबिटाच्या साजाची) दोरी हलकेच पुढे ताणून धरा, झटका देऊ नका. एक पाय पुढे पडला की दोरी ढिली. मग दोन पावलं, मग थांबणं, मग नाकपट्टीवर हलका दाब देऊन एक पाऊल मागे. एका वेळी १० ते १५ मिनिटं पुरे. बिघडतं ते इथे, की घोडा डोकं उडवतो आणि आपण घाबरून दोरी सोडतो. झालं, तो डोकं उडवायला शिकला. अगदी नाकासमोर आणि शेपटीमागे त्याला दिसत नाही, म्हणून खांद्याशी उभे राहा. पाठीवर माणूस सगळ्यात शेवटी. घोड्याच्या कण्याची वाढ पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालू असते, तेव्हा लहान घोड्यावर थोडा वेळ आणि हलका स्वार. आणि डाव्या बाजूने जे शिकवलंत ते उजवीकडून पुन्हा पहिल्यापासून शिकवा, ते तिकडे आपोआप येईलच असं नाही.