एस्केप की बाण?

(दृश्य: नाशिक, पंचवटी. लिलाव उरकलाय. अडत्याच्या गाळ्यात पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या विक्रीचे हिशेब, कॉम्प्युटरवर भरणं चालू. काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं.)

डावा हात चिठ्ठीवर, उजवा नंबरपॅडवर. नाव, जाळ्या, भाव. रकाना भरला की करंगळी एंटरवर. माऊसला इथं कामच नाही, म्हणून कुठल्या कीनं काय व्हावं यावर प्रोग्रामर तासन् तास भांडतात.

पहिलं भांडण एंटरचं. वेबवाले म्हणतात, पुढे सरकायला टॅब, एंटर म्हणजे फॉर्म जमा. पण टॅब पार डाव्या टोकाला. चिठ्ठी सोडून हात तिकडे न्यायचा? आणि सवयीनं एंटर दाबला गेला की भावाशिवायच पट्टी सेव्ह! इथं एंटर म्हणजे पुढचा रकाना, हेच बरोबर.

मग सेव्ह कशावर? कंट्रोल-एस म्हणाल, तर टर्मिनलच्या, म्हणजे या नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनच्या, भाषेत ती 'थांब' म्हणायची जुनी खूण. प्रोग्रामनं ती आधी बंद केली नसेल तर स्क्रीन गोठते. मशीन हँग झालं समजून माणूस बटण बंद करतो. खरं तर कंट्रोल-क्यू दाबलं की सगळं सुरू, मधे टाइप केलेलंही एकदम उमटतं. एफ-१० वर सेव्ह ठेवावं, तर काही टर्मिनल ती स्वतःच्या मेनूसाठी गिळतात. एफ-२ त्यातल्या त्यात बरी.

(क्लोज-अप: कंट्रोल आणि एच.)

टर्मिनलमधल्या प्रोग्रामपर्यंत की पोचत नाही, पोचतात आकडे. प्रत्येक कॅपिटल अक्षराला ठरलेला आकडा असतो; कंट्रोल धरलं की त्यातून ६४ वजा. एच म्हणजे ७२, उरले ८. काही टर्मिनलची बॅकस्पेसही ८ च पाठवते, बाकीच्यांची १२७. मदतीसाठी कंट्रोल-एच ठेवलंत, तर खोडायला जावं आणि मदतीचं पान उघडावं! तसंच कंट्रोल-आय म्हणजे टॅब, कंट्रोल-एम म्हणजे एंटर.

(क्लोज-अप: एस्केप.)

सगळ्यात चिवट वाद हा. एस्केप, म्हणजे 'मागे जा'ची की, पाठवते २७. वरचा बाणही आधी २७ च पाठवतो, मागोमाग चौकटी कंस आणि ए. २७ आला की प्रोग्रामनं क्षणभर थांबून बघायचं, मागून आणखी काही येतंय का: आलं तर बाण, नाही तर एस्केप. किती? समोरच्याच मशीनवर २५ ते ५० मिलिसेकंद पुरतात. सर्व्हर लांब असेल आणि नेट अडखळलं, तर बाण मधेच तुटतो: फॉर्म बंद, आणि कंस-ए भलतीकडेच उमटतात. असे फॉर्म बनवायला वापरतात ती एनकर्सेस लायब्ररी (तयार कोडचा संच) मुळात १००० मिलिसेकंद थांबते. तेवढ्यात माणूस वैतागून पुन्हा एस्केप दाबतो आणि दोन पायऱ्या मागे जातो. (प्रोग्रामर बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास व्हीआय हा मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम घडवला तो एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर. तिथले बाण एच, जे, के, एल वर छापलेले, एकेका आकड्याचे. हा घोळच नव्हता.)

म्हणून अर्धी भरलेली पट्टी एस्केपनं थेट पुसू नये. 'सोडायचं? हो / नाही' विचारावं, आणि कर्सर 'नाही'वर ठेवावा. करंगळी एंटरवरच असते.