शिल्लक दिसते, निघत नाही

(दृश्य : कुंभारी, सकाळ. घराच्या दारात बसलेली बाई. मांडीवर सूप, हातात कात्री. चेहरा दिसत नाही, फक्त हात.)

शनिवारी मोबाईलवर मेसेज आला, मजुरी जमा झाली. रविवारचा बाजार करायचा म्हणून अक्का एटीएमवर गेल्या. पैसे आले नाहीत, नुसती पावती आली. पावतीवर दोन ओळी होत्या. शिल्लक ६,४१२ रुपये. उपलब्ध शिल्लक शून्य.

मशीन बिघडलं असेल, असं वाटून त्या रिक्षानं पुढच्या एटीएमवर गेल्या. तिथंही तेच. त्या रविवारी घरात शेंगाचटणी आणि भाकरी होती, भाजी नव्हती. "पैसे यायलालेत म्हणं, पण निघंनात," एवढंच त्या शेजारणीला सांगत राहिल्या.

सोमवारी शाखेत गेल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "अक्का, तुमच्या खात्याला होल्ड आहे, पैसे अडवून ठेवलेत. तुम्ही जामीन आहात ना?"

(दृश्य : वसाहतीच्या गल्ल्या. एकसारखी घरं, दारोदारी सूप.)

सोलापूरजवळ कुंभारीत कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावानं विडी कामगारांची १० हजार घरांची वसाहत आहे. अक्का तिथंच राहतात. त्यांचं नाव आम्ही सांगणार नाही, बँकेचंही नाही. त्यांच्या घरात तेलुगू बोलतात, बाजारात मराठी. पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा आणि कारखान्यात नेऊन द्यायचं. मजुरी हजार विड्यांवर मोजतात आणि खराब विड्या छाट म्हणून बाजूला काढतात. पूर्वी मजुरी हातात मिळायची, आता खात्यात येते. रोकड हातात होती तोवर तिच्यावर बँकेची नजर नव्हती, हा फरक अक्कांना त्या सोमवारी कळला.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या दिरानं साखर पेठेत भाड्याच्या शेडमध्ये दोन जुने माग घेतले. टॉवेल काढायचे होते. कर्जाला जामीनदार हवा होता, आणि त्याच शाखेत खातं असलेलं घरातलं माणूस म्हणजे अक्का. "मरदीचं काम होतं ओ. नाही कसं म्हणायचं? सही केली," त्या सांगतात. तेलुगूत धाकट्या दिराला मरदी म्हणतात. सुताचे भाव वाढले, मागणी पडली, शेड बंद झालं आणि मरदी भिवंडीला गेले. हप्ते थांबले. हप्ता थकून ९० दिवस उलटले की बँकेच्या वहीत ते कर्ज एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं. मग वसुलीच्या यादीत कर्जदाराच्या खाली जामीनदाराचं नाव येतं.

(दृश्य : पासबुकाचं पान जवळून. छापलेल्या ओळी.)

इथं थोडं थांबून एक गोष्ट नीट समजून घेऊ. ती आपल्याला कुणी सांगत नाही.

खात्यातले पैसे आपले, असं आपण म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही. आपण पैसे भरले की ते बँकेचे होतात आणि बँक आपली तेवढ्या रकमेची देणेकरी होते. १८४८ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं हे तत्त्व सांगितलं आणि आपल्याकडचं बँकिंगही त्याच्यावरच उभं आहे. म्हणजे बँक तुमचं देणं लागते आणि कर्ज असेल तर तुम्ही बँकेचं. दोन्ही देणी एकाच वहीत आली की बँक एकातून दुसरं वजा करू शकते. बँकेच्या भाषेत याला वळती करणं म्हणतात. त्याला जोड आहे भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७१ ची. उलट करार नसेल, तर ग्राहकाची जी मालमत्ता बँकेच्या ताब्यात आहे ती येणं वसूल होईपर्यंत धरून ठेवण्याचा हक्क हे कलम बँकेला देतं. मुदत ठेवीच्या पावत्यांवरही बँकेचा हा हक्क चालतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९२ साली मान्य केलं आहे.

आणि जामीनदार? त्याच कायद्याचं कलम १२८. कर्जदाराची जबाबदारी जेवढी, तेवढीच जामीनदाराची, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. बँकेनं आधी मरदीला गाठावं, त्याचे माग विकावेत आणि मग अक्कांकडे यावं, असं बंधन नाही. "नुसती सही आहे, काही होत नाही," असं ज्यानं कुणी अक्कांना सांगितलं, त्यानं त्यांच्या मजुरीचा सौदा केला. हे मी रागानं बोलतो आहे आणि तो राग मला लपवायचा नाही.

(दृश्य : शाखेबाहेरचा कट्टा. अक्का आणि त्यांची दहावीतली मुलगी.)

अक्कांच्या बाबतीत होल्ड दोन खात्यांना लागला होता. एक त्यांचं बचत खातं. दुसरं मुलीच्या नावाचं आवर्ती ठेवीचं, ज्यात पालक म्हणून अक्कांचं नाव आहे. मुलगी दहावीत आहे, बारावीनंतर तिला नर्सिंगला जायचं आहे. पैसे त्यासाठी साठत होते.

इथं बँक चुकली होती. वळती करायची तर दोन्हीकडे माणूस तोच आणि नातंही तेच लागतं. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलीच्या खात्यात आई फक्त पालक असते, पैसे मुलीचे असतात. आईचं देणं त्यातून फेडून घेता येत नाही. असंच संयुक्त खात्याचं आहे. नवराबायकोच्या संयुक्त खात्यातली रक्कम एकट्या नवऱ्याच्या कर्जात सरळ वळती करता येत नाही, कारण तिथं बायकोचाही हक्क आहे. पण कर्जाच्या कागदात दोघांच्याही सह्या असतील तर ही ढाल गळून पडते. म्हणून त्या कागदाची प्रत मागून घ्यायची. ती मागायला लाजायचं नाही.

अक्कांनी काय केलं ते सांगतो. वसाहतीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी अर्ज लिहून दिला, मराठीत, दीड पान. होल्ड कुठल्या कर्जासाठी, किती रकमेचा, कुठल्या तारखेपासून आणि कुठल्या कागदाच्या आधारे, हे लेखी कळवा. मला नोटीस कधी पाठवली, त्याची पोच दाखवा. मुलीचं खातं माझं नाही, ते मोकळं करा. आणि बचत खात्यात येते ती विड्यांची मजुरी आहे, तिच्यावर घर चालतं, पूर्ण मजुरी धरू नका. अर्ज दोन प्रतींत होता. एक शाखेत दिली, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घेतली. शिक्का मारायला मॅनेजर कुरकुरले, पण अक्का काउंटरसमोरून हलल्या नाहीत.

नोटिशीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. रिझर्व्ह बँकेनं २००३ साली कर्जदारांशी कसं वागावं याची संहिता बँकांना घालून दिली. कर्ज फिटल्यावर तारण परत करण्याच्या संदर्भात तिच्यात लिहिलं आहे की, वळती करण्याचा हक्क वापरायचा असेल तर उरलेल्या येण्याचा संपूर्ण तपशील देऊन कर्जदाराला तशी नोटीस द्यावी. अक्कांची नोटीस निघाली होती. पण गेली होती साखर पेठेतल्या जुन्या घरी, जिथून त्या कधीच हलल्या होत्या. बँकेत पत्ता बदलला नव्हता. लाईट बिलावरचा, रेशन कार्डावरचा पत्ता आपण आठवणीनं बदलतो, बँकेतला राहून जातो.

(दृश्य : मागांचं शेड. काही माग चालू, काही झाकलेले.)

मजुरीबद्दल एक गोष्ट मला पटत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० प्रमाणे मजुराची आणि घरकामगाराची मजुरी न्यायालयाच्या हुकूमनाम्यातही जप्त करता येत नाही. कारागिराची हत्यारं आणि शेतकऱ्याची अवजारंही त्याच कलमात वाचवलेली आहेत. म्हणजे न्यायाधीशांसमोर उभं राहून, खटला जिंकून जी मजुरी सावकाराला मिळत नाही, ती खात्यात पडली की बँक एका नोंदीनं अडवून ठेवते. बँक म्हणते, ही जप्ती नाही, हा आमचा हक्क आहे. हा युक्तिवाद कागदावर टिकतही असेल. पण मजुरी खात्यातच घ्यायची असा नियम आपण बायकांना लावला. मग तिच्यातला पोटापुरता हिस्सा खात्यातही सुरक्षित राहायला हवा होता.

पेन्शनरांची बाजू थोडी भक्कम आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या प्रकरणात सांगितलं की, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आले, त्यांची मुदत ठेव केली, तरी त्यांचं संरक्षण संपत नाही. अर्ज लिहून देणारे ते शिक्षक हा निकाल खिशात घडी घालून ठेवतात. त्यांच्या मित्राच्या ठेवीवर बँकेनं बोट ठेवलं होतं, तेव्हा त्यांनी तो शोधून काढला. मात्र पेन्शनवरच कर्ज घेतलं असेल आणि हप्ता कापायला आपणच लेखी संमती दिली असेल, तर गोष्ट वेगळी.

सरकारी मदतीचंही तसंच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला, माढा, करमाळा, मोहोळकडची शिवारं पाण्याखाली गेली. अशा आपत्तीच्या मदतीच्या शासन निर्णयात एक ओळ असते, ही रक्कम कर्ज खात्यात किंवा इतर वसुलीत वळती करू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले पैसे जमा झाले, तेव्हाही काही ठिकाणी ते थकबाकीत कापले गेले आणि राज्य सरकारला बँकांना तसं करू नका म्हणून सांगावं लागलं. कापले असतील तर त्या शासन निर्णयाची प्रत जोडून शाखेत अर्ज द्या, एक प्रत तहसील कार्यालयात द्या.

एक खुलासा करायला हवा. खात्यातून पैसे गेले म्हणजे दर वेळी बँकेनं वळते केले असं नसतं. फायनान्स कंपनीला आपण हप्त्यासाठी मँडेट, म्हणजे खात्यातून परस्पर हप्ता कापायची परवानगी, सही करून दिलेलं असतं, त्यातूनही जातात, आणि शिल्लक नसली तर वर हप्ता परत गेल्याचा दंड बसतो. ते मँडेट लेखी कळवून थांबवता येतं. त्यानं कर्ज थांबत नाही. सायबर गुन्ह्याच्या तपासात पोलिसांच्या पत्रावरून होल्ड लागतो, तो प्रकार आणखी वेगळा. म्हणून पहिला प्रश्न एकच विचारायचा : हा होल्ड कुणी लावला?

(दृश्य : पोस्ट ऑफिसची खिडकी. अक्का अंगठ्यानं नोट मोजतात.)

बँकेचं उत्तर १९ दिवसांनी आलं. मुलीचं खातं मोकळं झालं. अडकलेल्या मजुरीतले ६,४१२ रुपये मात्र कर्जात वळते झाले होते आणि ते परत मिळाले नाहीत. ३० दिवसांत उत्तर आलं नसतं किंवा आलेलं पटलं नसतं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. २०२१ पासून ही योजना सगळ्या मोठ्या बँकांसाठी एकच आहे. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. अक्का तिथपर्यंत गेल्या नाहीत. "लई दिवस बुडले ओ कामाचे," त्या म्हणाल्या. एक दिवस शाखेत गेला की त्या दिवसाच्या विड्या गेल्या.

त्याआधीच त्यांनी पोस्टात बचत खातं उघडलं होतं आणि कारखान्याच्या मुनीमाकडे नवा खाते क्रमांक देऊन मजुरी तिकडे वळवली होती. हे बेकायदा नाही. जिथं आपलं देणं आहे, त्या बँकेत आपली मजुरी येऊ देऊ नये, एवढंच. हप्ता चालू आहे तोवर दोन्ही एका जागी ठेवायला हरकत नसते, पण हप्ता डळमळायला लागला की पहिलं काम हे. हे देणं चुकवणं आहे असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. आधी घरात भाकरी, मग काय देता येतं ते मोजून देणं. बँक परस्पर कापते तेव्हा हे मोजायची संधीच मिळत नाही.

आणि अक्कांनी मोजलं. महिन्याला एक हजार. तसं बँकेला लिहून दिलं आणि बँकेनं तूर्त मान्य केलं. बाकीचं व्याज, दंड, एकरकमी तडजोड यावर मरदी आले तरच बोलणं होईल.

(दृश्य : पत्र्याचा पानाचा डबा. आत रबर लावलेल्या पावत्या.)

दर महिन्याच्या १० तारखेला मुलगी स्लिप भरते. कर्ज खाते क्रमांक, काकांचं नाव, भरणार आईचं नाव. स्लिपचा परत मिळालेला अर्धा भाग, म्हणजे पावती, अक्का डब्यात ठेवतात. जामीनदारानं जे भरलं ते मूळ कर्जदाराकडून मागून घेण्याचा हक्क त्याला आहे, करार कायद्याचं कलम १४५. हे कलम शिक्षकांनी सांगितलं तेव्हापासून एकही पावती हरवलेली नाही. आतापर्यंत सात झाल्या.

"मरदीला फोनवर काही बोलत नाही मी," त्या म्हणतात. "नारळी पुनवेला मार्कंडेयाच्या रथाला यील की. तवा डबाच पुढं ठिवते."

हात पुन्हा सुपाकडे जातो.