बडोद्याची फाईल, शेंगेनचा शिक्का

[दृश्य: दांडिया बाजारातलं झेरॉक्सचं दुकान. काउंटरवर निळी फाईल, तिच्यावर दोन पासपोर्ट.]

मुलगी जर्मनीत नोकरीला आहे आणि यंदा उन्हाळ्यात आईबाबांनी यायचंच, असं ठरलंय. बडोद्यातल्या मराठी घरांत याचं आता कुणाला नवल वाटत नाही. तिकिटं मुलगी बघते. आईबाबांच्या वाट्याला येते ती ही शेंगेन व्हिसाची फाईल.

गुजरातच्या अर्जांचा निर्णय मुंबईच्या जर्मन वकिलातीत होतो. निर्णय घेणारा अधिकारी अर्जदाराला बहुधा पाहतही नाही. अहमदाबादला व्हिसाचे अर्ज जमा करून घेणाऱ्या व्हीएफएस केंद्रात काचेपलीकडे बसलेला माणूस कागद मोजून घेतो, बोटांचे ठसे घेतो आणि पाकीट पुढे पाठवतो. व्हिसा देणं न देणं त्याच्या हातात नसतं. त्यामुळे तिथे कितीही समजावून सांगा, उपयोग नाही. जे सांगायचं ते कागदानंच सांगायचं.

[दृश्य: टेबलावर चार कागद शेजारी शेजारी. बोट प्रत्येक नावाखाली थांबतं.]

आणि बडोद्याचा कागद पहिल्यांदा अडखळतो तो नावावर. पासपोर्टवर ‘सुमन’. बँकेच्या पासबुकात ‘सुमनबेन’, कारण खातं उघडताना कारकुनानं गुजराती रीतीप्रमाणे बेन लावून टाकलं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव, तेही गुजरातीत. नवऱ्याच्या नावाची तीच गत: ‘दत्तात्रय’ इंग्रजीत लिहिताना शेवटी ‘ए’ कधी असतो, कधी नसतो. घरातल्यांना ही एकच बाई आणि एकच नवरा दिसतो. मुंबईतल्या टेबलावर मात्र तीन बायका आणि दोन नवरे जमा होतात.

यावर उपाय आहे, पण वेळ हाताशी हवा. बँकेतलं नाव केवायसी देऊन पासपोर्टप्रमाणे करून घ्यायचं आणि त्यानंतरच स्टेटमेंट काढायचं. जे कागद आता बदलणार नाहीत, त्यांच्यासाठी ही सगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे इथला सोगंदनामा, जोडायचा. गुजराती दाखल्याला आणि वेऱ्याच्या, म्हणजे घरपट्टीच्या, पावतीला इंग्रजी भाषांतर लावायचं. जन्मस्थळ एकीकडे ‘बरोडा’ आणि दुसरीकडे ‘वडोदरा’ असेल, तर त्याची धास्ती नको. शहराचं अधिकृत नाव १९७४ साली बदललं, एवढं एका ओळीत लिहिलं की पुरे.

पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा आणि निदान दोन कोरी पानं असलेला हवा. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. १५ दिवसांहून कमी राहिले की उशीर झाला. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण नियमानं तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. तोवर पासपोर्ट वकिलातीतच असतो, तेव्हा मध्येच दुबईचा बेत करू नका.

[दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर. १ जूनभोवती लाल गोल.]

आता दिवसांचा हिशोब. शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या, २९ देशांत मिळून कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. लोक याचे सरळ तीन महिने करतात आणि तिथेच फसतात. १ जूनला उतरून ३१ ऑगस्टला निघालात तर ९२ दिवस होतात, कारण उतरण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. १ जूनला उतरलेल्या माणसाचा नव्वदावा दिवस २९ ऑगस्ट. पूर्वी हे शिक्क्यांवरून मोजत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर संगणकी नोंद टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आहे, आणि संगणक दोन दिवस सोडून देत नाही.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? जिथे जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे. दिवस सारखेच असतील, तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. मुलीकडे सात आठवडे आणि पॅरिसला चार दिवस, तर अर्ज जर्मनीचाच. ‘फ्रान्सची तारीख लवकर मिळते, तिथून टाकू,’ असं सांगणारे एजंट भेटतात. हॉटेलची बुकिंगं आणि मुलीचा पत्ता एकमेकांशी जुळले नाहीत की प्रवासाचा हेतू पटत नाही, आणि तसा शेरा मारून अर्ज परत येतो.

मुलगी खर्च उचलणार असेल, तर तिला तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून हमीपत्र काढावं लागतं. त्याचं जर्मन नाव ‘फेरप्फ्लिख्टुंग्सएरक्लेरुंग’. उच्चार जमला नाही तरी चालेल, मूळ प्रत मात्र हवीच. शुल्क २९ युरो. हे पत्र तिनं आधी काढायचं, कारण त्या कार्यालयाची तारीख मिळायलाच कित्येक आठवडे जातात.

[दृश्य: बँक स्टेटमेंटचं पान. दर महिन्याच्या पेन्शनची ओळ, आणि मग एकदम एक मोठी रक्कम.]

हे पान नीट बघा. दर महिन्याला पेन्शन, विजेचं बिल, गॅस, किराणा. आणि अर्जाच्या दहा दिवस आधी पाच लाख जमा. मुलानं प्रेमानं पाठवलेले असतात, ‘खात्यात जरा दिसू देत’ म्हणून. बघणाऱ्याला मात्र ते उसने आणलेले वाटतात. बँकेचा शिक्का असलेलं तीन महिन्यांचं स्टेटमेंट, पेन्शन ऑर्डरची प्रत, आयकर विवरण, मुदतठेवींच्या पावत्या: एवढं साधं, खरं चित्र त्या पाच लाखांपेक्षा वजनदार ठरतं. रक्कम आलीच असेल, तर ती कुठून आली याचा कागद जोडा. पेन्शन, घर, इथे राहणारा दुसरा मुलगा, नातवंडं यांचे पुरावे परतण्याच्या बाजूनं बोलतात. साठी उलटलेल्यांनाही ‘परत येणार कशावरून’ हे विचारलं जातं, यात अपमान मानू नये.

विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, पूर्ण मुक्कामाचा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, सहा महिन्यांच्या आतला. अमेरिकेचा दोन इंची चौकोनी फोटो इथे चालत नाही. आणि स्टुडिओवाल्याला बजावा: चेहरा गुळगुळीत करू नकोस, सुरकुत्या राहू देत.

ठसे दहाही बोटांचे. लग्नसराईत बोटांच्या टोकांना मेंदी लागली असेल तर यंत्र रेषा वाचत नाही, आणि ९३ किलोमीटरच्या एक्सप्रेसवेवरून अहमदाबादला पुन्हा खेप पडते. एकदा दिलेले ठसे ५९ महिने वापरता येतात.

शुल्क प्रौढांना ९० युरो, तेवढ्याच्या रुपयांत, वर केंद्राचं सेवाशुल्क. नकार आला तरी शुल्क परत मिळत नाही.

नकाराच्या छापील पत्रात कारणांच्या चौकटी असतात आणि लागू पडेल तिथे खूण केलेली असते. वकिलातीकडेच फेरविचार मागण्याची सोय जर्मनीनं १ जुलै २०२५ पासून बंद केली. आता बर्लिनच्या न्यायालयात जाणं किंवा नवा अर्ज करणं, एवढेच मार्ग. बहुतेकांना नवाच अर्ज परवडतो. पण खूण केलेल्या चौकटीचं उत्तर त्यात नसेल, तर तेच पत्र पुन्हा येतं.

[दृश्य: पासपोर्टातलं व्हिसाचं स्टिकर, अगदी जवळून.]

पासपोर्ट कुरियरनं आला की स्टिकर लगेच वाचा. नाव, पासपोर्ट क्रमांक, प्रवेश एकदाच की अनेकदा. वर ‘पासून–पर्यंत’ अशा दोन तारखा असतात, आणि वेगळ्या चौकटीत दिवसांचा आकडा. तारखांमधलं अंतर त्या आकड्यापेक्षा बहुधा जास्त असतं, कारण मागेपुढे व्हायला १५ दिवसांची सवलत धरलेली असते. राहायचं मात्र दिवसांच्या चौकटीत लिहिलंय तेवढंच. चूक दिसली, तर निघण्याआधी कळवायची.

हमीपत्राची प्रत, विमा आणि परतीचं तिकीट हातातल्या पिशवीत ठेवा, सीमेवरचा अधिकारी मागू शकतो. मोठ्या बॅगेत लिलो चिवडो खुशाल भरा. घरचं तूप आणि श्रीखंड काढून ठेवा, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपात बंदी आहे.